मशरू : नावातच निवाडा असलेले रेशीम

कापडांची नावे बहुधा गावावरून पडतात. पैठणी, इरकल, चंदेरी, महेश्वरी ही नावे उच्चारली की कापडाच्या आधी गाव डोळ्यांपुढे उभे राहते. आपण सरसकट वापरतो तो ‘साटीन’ हा शब्दसुद्धा चीनमधील च्वानचौ या बंदराच्या ‘जैतून’ या अरबी नावावरून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता त्या बंदरात उतरला, तेव्हा तिथे विणले जाणारे रेशमी कापड शहराच्याच नावाने ओळखले जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. काही नावे रूपावरून पडतात. अतलस या अरबी शब्दाचा अर्थ गुळगुळीत, म्हणून चकचकीत रेशमी कापड ते अतलस. परंतु एका रेशमी कापडाचे नाव गावावरूनही पडलेले नाही आणि रूपावरूनही नाही. ते पडले आहे एका निवाड्यावरून. ते कापड म्हणजे मशरू, आणि त्याच्या नावाचा अर्थ आहे ‘धर्मशास्त्राने संमत केलेले’.

माझ्याकडे मशरूचे दोन तुकडे आहेत. त्यांपैकी एक हातात घेऊन उलटसुलट करताना मला या नावाचे कुतूहल वाटू लागले, कारण या कापडाच्या दोन बाजू दोन वेगळ्या कापडांच्या वाटाव्यात इतक्या भिन्न आहेत. वरची बाजू झळझळीत, हात ठेवला तर घसरावा अशी. आणि खालची बाजू मऊ, निस्तेज, धुतलेल्या जुन्या धोतरासारखी. एवढा फरक कोणी उगाच घडवून आणत नाही.

आधी शब्दाकडे पाहू. अरबीतील ज्या धातूपासून शरीयत हा शब्द तयार झाला, त्याच धातूपासून ‘मशरूअ’ हे विशेषण तयार होते. कायद्याला धरून असलेले, वैध, असा त्याचा साधा अर्थ आहे. शेवटचा ‘ऐन’ हा घशातला उच्चार फारसीत आणि आपल्याकडच्या भाषांत गळून पडला आणि मशरू उरले. या कापडाला ‘मिसरू’ असेही म्हणतात, आणि त्यामुळे हे नाव संस्कृत ‘मिश्र’ या शब्दापासून आले, कारण त्यात रेशीम आणि सूत मिसळलेले असते, असे स्पष्टीकरणही सर्रास दिले जाते. ते ऐकायला सरळ वाटते, पण मला ते मागाहून सुचलेले वाटते. उर्दू लिपीत या कापडाचे नाव आजही ‘ऐन’सकट, वैध या अर्थाच्या शब्दाप्रमाणेच लिहितात, ज्या अक्षराचा उच्चार होत नाही ते अक्षर केवळ मूळ शब्दाची आठवण म्हणूनच टिकून राहते. ‘मिश्र’ हे नाव कानावर पडणाऱ्या लोकांनी आपल्या भाषेतून लावलेला अर्थ असावा, आणि अर्थ चपखल बसल्यामुळे तो टिकला असावा. (आपल्या ‘श्मश्रू’शी मात्र या शब्दाचा काहीही संबंध नाही, हे सांगून टाकलेले बरे, दाढीचे संस्कृत नाव आणि हे कापड यांची गाठ फक्त कानात पडते.)

संमती देण्याची वेळ येते ती आधी मनाई असते म्हणून. इस्लामच्या परंपरेत पुरुषांनी शुद्ध रेशीम आणि सोने अंगावर घालू नये, स्त्रियांनी घालण्यास हरकत नाही, असा दंडक हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरेने आलेल्या नोंदींतून, आलेला आहे. रेशीम वाईट आहे म्हणून ही मनाई नव्हे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कुराणात स्वर्गात जाणाऱ्यांचा पोशाख रेशमाचाच असेल असे सांगितले आहे, आणि हदीसमध्ये जो पुरुष इहलोकी रेशीम घालील त्याला ते परलोकी मिळणार नाही असे म्हटले आहे. म्हणजे रेशीम हे पुढच्या जन्मासाठी नव्हे, तर पुढच्या लोकासाठी राखून ठेवलेले वस्त्र आहे. खलिफा उमर यांच्याविषयीची एक कथा प्रसिद्ध आहे. मशिदीच्या दाराशी रेशमी पट्ट्यांचा एक पोशाख विकायला आलेला पाहून त्यांनी पैगंबरांना सुचवले की, शुक्रवारी आणि परगावचे वकील भेटीला येतात तेव्हा घालण्यासाठी तो विकत घ्यावा. पैगंबरांनी ते नाकारले. पुढे तशाच पोशाखांपैकी एक त्यांनी उमर यांच्याकडे पाठवला, तेव्हा उमर गोंधळले. तो अंगावर घालण्यासाठी दिलेला नाही, असे उत्तर त्यांना मिळाले, आणि अखेरीस तो त्यांनी मक्केतील आपल्या भावाला देऊन टाकला.

आपल्याकडच्या सोवळ्याच्या कल्पनेत वाढलेल्या माणसाला यातला विरोध चटकन जाणवतो. पूजेला बसताना सुती धोतर सोडून रेशमी मुकटा किंवा कद नेसायचा, कारण रेशीम लवकर विटाळत नाही, हा आपला आचार. आणि त्याच रेशमाने प्रार्थनेला उभ्या राहणाऱ्या पुरुषाच्या अंगावर असू नये, हा शेजारच्या घरचा आचार. एकाच धाग्याला दोन परंपरांनी इतके उलट स्थान दिले आणि दोन्ही परंपरांचे लोक शतकानुशतके एकाच पेठेत कापड घेत राहिले. मशरू ज्या पेठांत विकले गेले त्या अशा होत्या.

दंडक होता तसे अपवादही होते. दोन, तीन किंवा चार बोटे रुंदीची रेशमी पट्टी चालेल, असे हदीसमध्ये आहे. काठापुरते किंवा गोटापुरते रेशीम त्यातून सुटते. झुबैर आणि अब्दुर्रहमान या दोन सहकाऱ्यांना अंगाला खाज सुटत असे, म्हणून पैगंबरांनी त्यांना रेशमी वस्त्र घालण्याची मुभा दिली, असेही सांगितले आहे. मात्र मशरूची गोष्ट या अपवादांतून सुटत नाही. तिच्यासाठी धर्मशास्त्राच्या पंडितांना मागापर्यंत जावे लागले.

कापड विणताना मागावर जे उभे धागे आधी ताणून बसवलेले असतात तो ताणा, आणि धोट्यातून जे आडवे धागे भरले जातात तो बाणा. शुद्ध रेशमाला मनाई आहे हे ठरले. पण ताणा एका धाग्याचा आणि बाणा दुसऱ्या धाग्याचा असेल तर काय म्हणायचे? सुन्नी परंपरेतील हनफी पंथाने याचे उत्तर फार स्पष्ट दिले. बाराव्या शतकात मध्य आशियात होऊन गेलेल्या मरगीनानी यांचा ‘हिदाया’ हा हनफी कायद्याचा प्रमाण ग्रंथ आहे. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांसाठी चार्ल्स हॅमिल्टन याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले, ते 1791 साली प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथात म्हटले आहे की, ताणा रेशमाचा आणि बाणा सुतासारख्या दुसऱ्या धाग्याचा असेल, तर ते कापड पुरुषाने घालण्यास हरकत नाही. उलट, बाणा रेशमाचा आणि ताणा दुसऱ्या धाग्याचा असेल, तर ते युद्धाच्या प्रसंगाखेरीज घालू नये. याचे कारण मोठे सुंदर आहे. नुसते ताणलेले धागे म्हणजे कापड नव्हे. कापड होते ते विणण्याने, आणि विणणे म्हणजे बाणा भरणे. म्हणून कापडाची जात ठरते ती बाण्यावरून. मराठी वाचकाला यात आणखी एक गंमत दिसेल, कारण आपल्या भाषेत माणसाचा स्वभावही बाण्यावरूनच ओळखतात. शाफिई पंथाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांनी वजन पाहिले आणि रेशीम वजनाने जास्त भरते की दुसरा धागा, यावर निर्णय सोपवला. तराजूचा न्याय व्यवहाराला सोपा असेल, पण विणकामाची समज मात्र हनफींच्या उत्तरात अधिक दिसते.

मशरूविषयी सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. या कापडात रेशीम वर राहते आणि अंगाला सूत लागते, म्हणजे रेशमाचा कातडीला स्पर्श होत नाही, आणि म्हणून ते संमत झाले, असे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वाचायला मिळते. मीही अनेक वर्षे हेच मानत होतो आणि दुसऱ्यांना सांगतही होतो. हिदायामधील कारण मात्र कातडीचे नाही, बाण्याचे आहे, हे कळल्यावर मला माझ्या हातातल्या तुकड्याकडे पुन्हा पाहावे लागले.

मशरूची वीण साटिनीची असते. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून असा जातो, त्यामुळे दोन्ही धागे दोन्ही बाजूंना सारखेच दिसतात. साटिनीच्या विणीत प्रत्येक उभा धागा अनेक आडव्या धाग्यांवरून सरळ तरंगत जातो आणि मग एकदाच खाली बुडी मारतो. मागाच्या आठ पायपट्ट्या वापरून केलेल्या विणीत तो सात धाग्यांवरून जाऊन आठव्याखाली जातो, पाच पायपट्ट्यांच्या विणीत चारांवरून जाऊन पाचव्याखाली. बुडी मारण्याच्या जागा शेजारच्या धाग्यांत एकमेकींना लागून येणार नाहीत अशा पसरवलेल्या असतात, त्यामुळे ट्विलमध्ये दिसते तशी तिरकी रेघ उठत नाही आणि पृष्ठभाग अखंड दिसतो. आता उभे धागे रेशमाचे आणि दाट, आणि आडवे धागे सुताचे आणि जाड असतील, तर वरून पाहताना आठातील सात भाग रेशीमच दिसणार आणि खालून पाहताना तितकाच भाग सूत दिसणार. भिंग लावून पाहिले तर रेशमाच्या सपाटीवर जिथे धागा बुडाला आहे तिथे सुताचा बारीकसा ठिपका सापडतो. डोळ्यांना तो दिसत नाही. खड्डामागावर बसून विणणाऱ्याला यासाठी दोन पायपट्ट्या पुरत नाहीत, पाच ते आठ पट्ट्या ठरलेल्या क्रमाने दाबाव्या लागतात, आणि क्रम चुकला की ती चूक त्या चकचकीत पृष्ठभागावर लपत नाही.

म्हणजे या एका कापडात दोन्ही कारणे एकत्र येऊन बसली आहेत. बाणा सुताचा आहे, म्हणून हिदायाप्रमाणे ते संमत. आणि वीण साटिनीची असल्यामुळे तोच बाणा अंगाच्या बाजूला येतो, म्हणून लोकांनी सांगितलेली स्पर्शाची गोष्टही खरी ठरते. दोघांपैकी मूळ कारण कोणते, हे मशरूकडे पाहून ठरवता येणार नाही. त्यासाठी त्याच्या एका भाऊबंदाकडे पाहावे लागते. उझबेकिस्तानात आणि आसपासच्या प्रदेशात ‘अद्रस’ नावाचे कापड विणतात. त्याचाही ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, परंतु वीण साधी असते आणि उभे धागे इतके दाट बसवलेले असतात की आडवे सूत दोन्ही बाजूंनी झाकले जाते. अद्रसच्या अंगाला लागणाऱ्या बाजूलाही रेशीमच असते. स्पर्श हेच कारण असते, तर अद्रसचे अंगरखे बुखाऱ्याच्या पुरुषांनी बिनदिक्कत घातले नसते. बाण्याचे कारण मात्र दोन्ही कापडांना लागू पडते. स्पर्शाची गोष्ट ही मशरूची दोन वेगळ्या पोतांची पाठपोट पाहून नंतर सुचलेली असावी, असे माझे मत झाले आहे.

तिसरा भाऊबंद तुर्कस्तानातील आहे. गाझीआंतेप शहरात विणल्या जाणाऱ्या ‘कुतनू’ची रचना जवळजवळ मशरूसारखीच असते : रेशमी ताणा, सुती बाणा, साटिनीची वीण आणि उभे पट्टे. कुतनू हे नाव कापसासाठी असलेल्या ‘कुत्न’ या अरबी शब्दावरून आले. इंग्रजीतला कॉटन हाही त्याच शब्दाचा नातलग आहे. एकाच कापडाला तिकडच्या लोकांनी त्यातील सुतावरून नाव दिले आणि इकडच्या लोकांनी त्याच्या वैधतेवरून. नकाशावर पाहिले तर उस्मानी साम्राज्याचा प्रदेश, मध्य आशिया आणि उत्तर हिंदुस्थान हे तिन्ही हनफी पंथाच्या प्रभावाखालील मुलूख आहेत, आणि तिन्हीकडे रेशीम उभे आणि सूत आडवे हीच दिशा आढळते. हा केवळ योगायोग नसावा असे मला वाटते.

तरीही सगळे श्रेय धर्मशास्त्राला देणे घाईचे होईल. रेशमाचा धागा एका कोशातून सलग कित्येकशे मीटर निघतो, तर कापसाचा तंतू जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा असतो आणि तो पिळूनच धागा करावा लागतो. मागावर ताण सोसतो तो ताणा, फणीचे घर्षण सोसतो तोही ताणाच; तिथे लांब, गुळगुळीत आणि चिवट रेशीम बसवणे विणकराला केव्हाही सोयीचे. शिवाय महाग धागा वर दाखवायचा आणि स्वस्त धागा खाली भरावासाठी वापरायचा, हा हिशेब कोणत्याही पंथाच्या व्यापाऱ्याला कळतो. सुताच्या भरावाने कापडाला अंग येते, आणि उष्ण हवेत घाम शोषणारी बाजू शरीराला लागते, हेही आहेच. कायद्याने जे मान्य केले ते विणकराच्या आणि ग्राहकाच्या आधीच सोयीचे होते. अशा ठिकाणी नियम फार लवकर रुजतात.

अर्धरेशमी कापड इस्लामपूर्व काळातही होते, याचे पुरावे रोमकडे सापडतात. टॅसिटस या इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे इसवी सन 16 मध्ये रोमच्या सिनेटने पुरुषांनी रेशमी वस्त्रे घालू नयेत असा ठराव केला. पुरुषाच्या अंगावरचे रेशीम हे तिथेही नीतीचे संकट मानले गेले होते, आणि रोमन लोकांनी ‘सर्व रेशमी’ आणि ‘अर्धरेशमी’ यांसाठी वेगळे शब्द केले होते. सेव्हिलचा इसिदोर हा बिशप सातव्या शतकाच्या आरंभी कापडांची व्याख्या करताना, लिननचा ताणा आणि रेशमाचा बाणा असलेल्या कापडासाठी वेगळे नाव देतो. त्यातील दिशा मशरूच्या नेमकी उलट आहे, ही गोष्ट मला विशेष वाटते.

इस्लामी जगात मशरूच्या आधी ‘मुल्हम’ या कापडाचे नाव गाजले होते. त्याचाही ताणा रेशमाचा आणि बाणा बहुधा सुताचा असे, आणि हे नावच मुळी बाण्यासाठी असलेल्या अरबी शब्दापासून तयार झालेले आहे. दहाव्या शतकातील अरब इतिहासकार मसऊदी सांगतो की, 847 ते 861 या काळात गादीवर असलेला अब्बासी खलिफा मुतवक्किल याला इतर कापडांपेक्षा मुल्हम अधिक आवडे. त्याच्या दरबारातील लोकांनी ते उचलले आणि पाहता पाहता ते सर्वसामान्यांतही पसरले. दरबाराला रेशमाचा थाट हवा होता आणि निषेध तर पाळायचा होता, त्यातून मुल्हमची चलती झाली. मशरू हे त्याच विचाराचे पुढचे रूप आहे, फक्त साटिनीच्या विणीमुळे त्याची झळाळी कितीतरी वाढली.

हिंदुस्थानात मशरू एकाच गावाचे कधीच नव्हते. गुजरातेत पाटण, सुरत, अहमदाबाद आणि कच्छमधील मांडवी. उत्तरेत बनारस आणि आझमगड. दक्षिणेत हैदराबाद आणि तिरुचिरापल्ली, असा त्याचा पसारा होता. आझमगडकडे याच जातीच्या कापडांना ‘संगी’ आणि ‘गलता’ अशी नावे होती. जॉन फोर्ब्स वॉटसन याने 1866 साली हिंदुस्थानातील कापडांचे 700 खरे नमुने कापून, चिकटवून त्यांचे 18 खंड तयार केले. हेतू सरळ होता : इथले लोक काय नेसतात हे इंग्लंडमधील गिरण्यांना कळावे आणि त्यांनी तेच यंत्रावर काढून इथे विकावे. त्याच्या विवेचनात मशरूचा समावेश आहे. ज्या कापडाचे नमुने नक्कल करण्यासाठी गोळा केले गेले ते नमुनेच आज त्या काळच्या विणकामाचे सर्वांत विश्वासू साक्षीदार ठरले आहेत.

औरंगाबादच्या हिमरूचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते आणि त्यालाही मशरूचीच कथा चिकटवली जाते. मला ते पटत नाही. हिमरूचा ताणा साधारणपणे सुताचा असतो आणि रेशीम येते ते आडव्या, नक्षी भरणाऱ्या धाग्यांतून. हिमरू या नावाचे स्पष्टीकरण ‘सारखे दिसणारे’ अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून देतात, आणि किनखापासारखे दिसणारे स्वस्त कापड, ही त्याची ओळख त्या नावात पुरेशी सांगितली आहे. मशरूत प्रश्न वैधतेचा आहे, हिमरूत तो नकलेचा आणि किमतीचा आहे. दोन्हींत सूत आणि रेशीम आहे एवढ्यावरून दोघांना एकच जन्मकथा देणे, हे दोन्ही कापडांवर अन्याय करण्यासारखे आहे.

मशरूच्या पट्ट्यांविषयी थोडे सांगायला हवे. ताणा वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांचा लावला की उभे पट्टे आपोआप तयार होतात, आणि वरून फक्त ताणाच दिसत असल्यामुळे रंगात आडव्या धाग्याची भेसळ होत नाही. म्हणूनच मशरूचे लाल, पिवळे, हिरवे आणि जांभळे रंग इतके कोरे आणि उघडे दिसतात. काही तुकड्यांत पट्ट्यांच्या मधे नागमोडी किंवा बाणाच्या टोकासारखी नक्षी असते. ती विणून काढलेली नसते. विणण्यापूर्वी ताण्याचे धागे ठरावीक अंतरावर बांधून रंगवतात आणि मग मागावर लावताना ते किंचित मागेपुढे सरकवतात, त्यातून ती टोके तयार होतात. पटोल्यात ताणा आणि बाणा दोन्ही असे बांधून रंगवावे लागतात आणि विणताना एकमेकांशी जुळवावे लागतात. मशरूत बाणा झाकलेलाच असल्याने निम्मे कष्ट वाचतात. पाटणला पटोला आणि मशरू ही दोन्ही कामे होत आली आहेत, आणि त्यांतील कष्टांचा हा फरक त्यांच्या किमतींतही उतरला.

मागावरून उतरलेले कापड तसेच विकत नसत. ते थंड पाण्यात धुऊन, ओले असतानाच लाकडी मोगरीने बडवत. मग त्यावर गव्हाच्या पिठाची पातळ खळ देऊन पुन्हा बडवत आणि दमट असतानाच घडी घालून दाबून ठेवत. या कामाला कुंदी म्हणतात. तरंगणारे रेशमी धागे त्याने चपटे होतात, एकमेकांना भिडतात, आणि प्रकाश आरशावरून परतावा तसा परततो. बुखाऱ्याकडे अद्रसलाही अंड्याचा पांढरा बलक लावून मोगरीने असेच बडवत असत.

या सगळ्या इतिहासातील मोठा विरोधाभास कच्छ-सौराष्ट्रात दिसतो. पुरुषांना रेशीम घालता यावे म्हणून ज्या कापडाला हे नाव मिळाले, ते तिथे टिकले ते मुख्यतः स्त्रियांच्या अंगावर, आणि त्यातही हिंदू स्त्रियांच्या. रबारी, अहिर अशा समाजांतील घागरे आणि चोळ्या मशरूच्या असत. त्यावर आरसे आणि भरतकाम केले जाई, आणि रजईच्या किंवा तोरणाच्या कडांनाही मशरूच्या पट्ट्या लावत. त्या स्त्रियांना रेशमाची मनाई त्यांच्या धर्मानेही केली नव्हती आणि मुसलमान स्त्रियांनाही ती नव्हतीच. त्यांनी मशरू घेतले ते चमक, टिकाऊपणा आणि शुद्ध रेशमाच्या मानाने बेताची किंमत यांसाठी. संमतीची गरज ज्यांना मुळीच नव्हती, त्यांनी ‘संमत’ नावाचे कापड जिवंत ठेवले.

विसाव्या शतकात ताण्यातले रेशीम गेले आणि त्याच्या जागी रेयॉन आले. लाकडाच्या लगद्यापासून कृत्रिम रेशीम करण्याची व्हिस्कोस पद्धत 1892 साली इंग्लंडमध्ये शोधली गेली होती; तो धागा स्वस्त, रंगाला चोख आणि दिसायला तेजस्वी, त्यामुळे मशरूच्या मागांवर त्याने सहज जागा मिळवली. कुतनूच्या बाबतीतही हेच घडले. रेयॉन हा वनस्पतीपासून झालेला धागा आहे, कोशातून निघालेला नव्हे. तेव्हा रेयॉनचा ताणा आणि सुताचा बाणा असलेल्या कापडाला कोणत्याच पंथाच्या पंडिताची हरकत असण्याचे कारण नाही, रेयॉन उभे असो की आडवे. ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे नाव पडले तो प्रश्नच त्यात उरलेला नाही. तरी विणकर त्याला मशरूच म्हणतात आणि मलाही ते चुकीचे वाटत नाही, कारण वीण तीच आहे, पायपट्ट्यांचा क्रम तोच आहे. फसवणूक होते ती विकणारा त्याला रेशमी म्हणतो तेव्हा. अलीकडे काही विणकर पुन्हा खऱ्या रेशमाचा ताणा लावू लागले आहेत.

माझ्या दोन तुकड्यांपैकी जुना मला रेशमी म्हणून मिळाला होता. हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी त्याच्या कडेचा, काठाला समांतर जाणारा एक धागा ओढून काढला आणि ज्योतीवर धरला. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि टोकाला चुरता येणारी काळी गाठ उरते. माझा धागा कागदासारखा भुर्रकन पेटला आणि मागे राखाडी राख उरली. दुसऱ्या तुकड्याचा धागा मात्र विझत विझत जळला आणि खोलीत केसांचा वास बराच वेळ राहिला. ही परीक्षा करताना धागा काठाला समांतर असलेलाच घ्यावा, कारण आडवा धागा दोन्ही तुकड्यांत सुताचाच निघेल.